गोठ्यातलं पिवळं भात

मुंबईतली थंडी ओळखायची माझी एक खूण आहे. सकाळी खोबरेल तेलाची बाटली तळहातावर उलटी करावी आणि तेल खाली उतरूच नये. मग बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची आणि समजायचं, डिसेंबर आला. बाकी स्वेटर, शाली, कानटोप्या हे सगळं हौसेचं. या वर्षी तेल चांगलं पांढरंशुभ्र गोठलं, आणि त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तरुण मंडळींनी प्लास्टिकचं झाड उभं करून त्यावर कापूस पिंजून टाकला. कापूस म्हणजे बर्फ. अंधेरीत बर्फ! आमचा वॉचमन दुपारी त्या बर्फाखाली टोपी काढून घाम पुसत बसलेला असतो.

मला हसू येतं, आणि हसता हसता मध्येच थांबायला होतं. जिथे ते झाड उभं आहे तिथे एके काळी भात पिकत असे. आमची सगळी सोसायटीच भाताच्या शेतात उभी आहे. ते शेत कोंशीमावशीचं होतं. तिच्या नाताळात बर्फ नसायचा, हिरवं भात असायचं. एका वर्षी ते हिरवं झालं नाही, आणि तेवढ्यावरून शेत गेलं. ते हिरवं न होण्याला कारण झाली माझी आई. तिने ते मनाला लावून घेतलं आणि मरेपर्यंत मनातून काढलं नाही. त्यामुळे डिसेंबर आला की इतरांना केक आठवतो, मला आई आठवते, हातात दोन थाळ्या घेऊन जिना उतरणारी.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. अंधेरी स्टेशनातून पूर्वेला उतरलं की थोडी दुकानं, टांगेवाले, मग चिंचेची झाडं आणि मग सरळ शेतंच. मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गावठाण होतं. उतरत्या कौलांची घरं, प्रत्येक घरापुढे ओटी, वळणावर दगडी क्रूस, त्याच्यापुढे कुणीतरी रोज लावलेली मेणबत्ती. वडील फोर्टात एका कचेरीत होते. गिरगावातली एक खोली सोडून ते आम्हाला इथे घेऊन आले, कारण भाडं कमी होतं आणि हवा चांगली होती. कोंशीमावशीच्या घराच्या माडीवर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मी तेव्हा चौथीत होते. आम्ही आलो ते उन्हाळ्यात. म्हणजे त्या घरातला आमचा पहिला पावसाळा, पहिलं नवरात्र आणि पहिला नाताळ एकाच वर्षातला.

पहिल्याच दिवशी आई गोंधळून गेली. मावशी नऊवारी लुगडं नेसलेली, लाल चौकटींचं, घोट्याच्या वर खोचलेलं. कानात सोन्याच्या जड कुड्या. बोली मराठीच. पण कपाळ मोकळं. आईला वाटलं, बाई बिचारी विधवा आहे. आणि हळहळायला ती तोंड उघडणार, एवढ्यात ओटीवरून विडीचा धूर आला आणि धुरामागून पास्कूकाका आले. "माझा घो," मावशी म्हणाली. तिचं पूर्ण नाव कोंसेसाव. गावठाणात सगळे कोंशी म्हणत. आई तिला कोंशीबाई म्हणायची, मी मावशी.

दोघींचं चांगलं जमलं. म्हणजे जिन्यात जमलं. आई माडीवरून चार पायऱ्या खाली यायची, मावशी खालून चार पायऱ्या वर, आणि मधल्या पायरीवर संसार चालायचा. मावशीने आपल्या झाडाचा शेवगा द्यावा, आईने कुळथाचं पीठ द्यावं. पण मावशी कधी आमच्या आतल्या खोलीत आली नाही आणि आई कधी तिच्या उंबऱ्याच्या आत गेली नाही. आईचं सोवळं होतं. खाली मासे शिजत, रविवारी डुकराचं मटण शिजे, आणि आई नाकाला पदर लावून उदबत्ती पेटवायची. मावशीला ते दिसत होतं. ती मुद्दाम जिन्याच्या वर पाऊल टाकत नसे. यात कुणाला काही वाईट वाटायचं असतं हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

नाताळ मला मात्र पुरता मिळाला, त्याही वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं, कारण मला सोवळं नव्हतं. डिसेंबर लागला की खाली पीठ आंबवायला ठेवायचे, ताडी घालून. त्याचा आंबूस, गोडसर वास फळ्यांच्या फटींतून माडीवर यायचा. त्याचे तळलेले फुगे व्हायचे, गोल, पोकळ, लालसर. आई म्हणायची, "त्यात दारू असते, खाऊ नकोस हो." मी खाऊन यायचे आणि आई माझं तोंड हुंगायची. नेवऱ्या व्हायच्या, त्या म्हणजे आमच्या करंज्याच, फक्त मावशीच्या जरा लठ्ठ. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून शिंपल्यासारख्या वळवलेल्या कुलकुल्या व्हायच्या. नाताळच्या दिवशी थाळ्या भरायच्या, वर विणलेला पांढरा रुमाल घालायचा आणि घरोघर पाठवायच्या. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असेल तिथे कढई चढत नसे. तिथे शेजारचे थाळ्या नेऊन देत. आमच्याकडे दिवाळीला अगदी हेच. आईला याचं फार नवल वाटे. "सगळं आपलंच तर आहे," ती म्हणायची, आणि फुग्यांची थाळी मात्र माझ्याकडे सरकवायची.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी 'म्हातारा' व्हायचा. काकांची फाटकी विजार, जुना कोट, आत भाताचा पेंढा ठासलेला, डोक्याला मडकं आणि तोंडात विडी. हा सरतं वर्ष. त्याला दिवसभर गावठाणाच्या नाक्यावर खुर्चीत बसवून ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला शिव्या घालायच्या आणि मग जाळायचं. मला ती होळीच वाटायची, फक्त थंडीत आलेली. शेत गेल्यावर पुढे पेंढा मिळेना. मग म्हाताऱ्याच्या पोटात वर्तमानपत्रं कोंबायला लागले. तो जळायचा भरकन, आणि काका तोंड फिरवून घरात जायचे.

पण मला सांगायचं आहे ते गोठ्याबद्दल.

येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला, म्हणून नाताळात घरोघर छोटा गोठा मांडतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मावशीचा गोठा काका करायचे, बांबूच्या कामट्यांचा, वर पेंढ्याचं छप्पर. आत मातीचे जोजफ, मारिया, एक बैल, एक गाढव आणि तीन मेंढ्या, त्यातली एक पाय मोडका म्हणून कायमची बसलेली. आणि गोठ्यापुढे शेत. खरंखुरं शेत. डिसेंबरात मारियेचा एक सण येतो, मावशीच्या नावाचाच. त्या दिवशी ती दोन पितळी थाळ्यांत माती पसरायची आणि नुकत्याच घरात आलेल्या पिकातलं भात भिजवून त्यात पेरायची. थाळ्या ओटीवर, सकाळच्या उन्हात. नाताळपर्यंत वीतभर रोप यायचं, हिरवंगार, दाट. ते गोठ्यापुढे ठेवलं की मेंढ्या त्यात बुडून जायच्या. जन्माला येणाऱ्या पोराने डोळे उघडले की पहिल्यांदा काय दिसलं पाहिजे? आपलं शेत. मावशी हे असं सांगायची की बेथलेहेम मरोळच्या पलीकडेच कुठेतरी असावं.

त्या रोपावरून वर्ष पाहायची रीत होती. दाट आलं तर भात दाट. विरळ आलं तर पाऊस दगा देणार. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की ते रोप मातीसकट शेताच्या बांधावर नेऊन लावायचं. देवळातल्या पाद्रीबाबांना हे फारसं पसंत नव्हतं म्हणे, पण ते काही बोलत नसत, कारण त्यांच्या पानातला भातही त्याच शेतांतला होता.

पुढे मोठी झाल्यावर मी याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. पोर्तुगालच्या दक्षिणेला अजूनही बाळ येशूपुढे थाळीत गहू रुजवून ठेवतात. इटलीत ठेवतात, फ्रान्सच्या दक्षिणेला ठेवतात. आणि ख्रिस्ताच्याही कितीतरी आधी, त्याच समुद्राकाठच्या बायका एका तरण्या देवासाठी माळवदावर थाळ्यांत धान्य रुजवत. तिथून ते कुठल्या तरी गलबतातून वसईला उतरलं असणार. पण मला हेही वाटतं, की गलबत आलं नसतं तरी साष्टीतल्या, म्हणजे या आमच्या बेटावरच्या, बायकांनी धान्य पेरलंच असतं. मावशीचे पूर्वज बाप्तिस्म्याआधी इथलेच शेतकरी. त्यांच्या बायका नवरात्रात देवीपुढे घट बसवीत असणार, माझ्या आईसारख्या. देव बदलला, महिना बदलला, मूठभर बी मातीत टाकून वाट पाहायची ती सवय काही सुटली नाही. एवढी मोठी गोष्ट सारखी होती. फरक होता तो अगदी लहान, आणि नेमका तोच आईच्या वाट्याला आला.

आमच्या त्या पहिल्याच वर्षी शेताला दलाल लागले होते. मुंबई वर सरकत होती. पास्कूकाकांच्या दोन्ही भावांनी आपापले तुकडे विकले होते आणि काकांचं शेत मध्ये उरलं होतं. चारी बाजूंनी भराव, त्यामुळे पाणी निघेना. कामाला माणूस मिळेना. मुलगा परळला वर्कशॉपात चिकटलेला, त्याला चिखल नको. काका थकले होते. मावशी हटून बसली होती. त्यांचं काय बोलणं झालं ते मावशीनेच मला पुढे सांगितलं.

"मी आनखी कवर राखू?" काका म्हणाले. "गुरं शिरतात, पोरं बांध फोडतात. इकून टाकू."

"आनि खाशील कय? दलालाचा कागद?"

"मग देवाला इचारू. गोठ्यात भात हिरवा आला, तर ठेवू. पिवला आला, तर दलालाला हो सांगतो. मग तू रडायचा नाय."

मावशी कबूल झाली. मनातल्या मनात हसलीसुद्धा असेल. तिच्या जन्मात गोठ्यातलं भात कधी पिवळं आलं नव्हतं. तिच्या सासूच्याही नव्हतं. हा कौल तिने मागायच्या आधीच जिंकलेला होता.

सणाच्या दिवशी तिने थाळ्या पेरल्या. आणि पुढच्याच सकाळी वसईहून निरोप आला, बहीण अंथरुणाला खिळली आहे, ताबडतोब ये. मावशी निघाली. थाळ्या काकांवर सोपवायला ती तयार नव्हती. ज्याला विकायचं आहे त्याच्या हाती पाणी कसं द्यायचं? ती थाळ्या घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली आणि आईला हाक मारली. मी आईच्या पदरामागेच उभी होते, म्हणून ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात.

"तू नवरात्रात देवीपुडे उगवतंस ना गं?"

"हो, दरवर्षी."

"तसाच उगव. रोज जरा पानी मार, बास. तुना मी कय शिकवायचा?"

कौलाबद्दल ती काही बोलली नाही. नवराबायकोतली गोष्ट भाडेकरणीला कशाला सांगायची? आईनेही काही विचारलं नाही. दरवर्षीचं काम, त्यात विचारायचं काय? दोघी अगदी शहाण्यासारख्या वागल्या.

आता आईचा घट कसा असायचा ते सांगते. आमच्याकडे घटाचं धान्य उजेडात ठेवत नाहीत. देवघराच्या कोपऱ्यात, खिडकी लावून, वर रोवळी पालथी घालून. अंधारात ते सरसर वाढतं आणि पिवळंधमक येतं. जितकं पिवळं तितकं चांगलं. दसऱ्याला ते खुडायचं, देवीला वाहायचं, बायकांनी अंबाड्यात आणि पुरुषांनी टोपीत खोवायचं. चुकून कुठे हिरवट झाक आली, तर आजी म्हणायची, उन्हाचा डोळा लागला. मावशीने नवरात्रात आमच्या देवघरातून घंटा ऐकली होती, आरती ऐकली होती, प्रसाद घेतला होता. पण घट पाहिला नव्हता, आणि आईच्या अंबाड्यातले ते पिवळे तुरे तिला फुलंच वाटले असणार. घट आतल्या खोलीत होता आणि ती जिन्यात.

आईने ते बाळ येशूचं शेत जिवापाड सांभाळलं. दुसऱ्याच्या देवाचं काम, म्हणून घरच्या देवापेक्षा काकणभर जास्तच. आंघोळ करून ओलेत्याने पाणी शिंपडायची. मला म्हणायची, "रोवळीला हात लावू नको, पाप लागेल." पाप कुठल्या धर्माचं ते ती सांगत नसे. एकदा सवयीने तिने थाळीला हळद-कुंकू वाहिलं, मग जीभ चावली आणि फुंकर मारून ते उडवून लावलं. रोज संध्याकाळी रोवळी किंचित उचलून ती आत डोकवायची आणि तिचा चेहरा खुलायचा. असं धान्य तिच्या हाताला आजवर आलं नव्हतं. मुंबईची थंडी, मावशीच्या शेतातली काळी माती, कोण जाणे कशाने, पण थाळ्या सोन्याने भरून आल्या होत्या.

नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा मावशी परतली. बहीण वाचली होती. आई सकाळपासून वाट पाहत होती. ती रेशमी साडी नेसली, केसात फूल माळलं, दोन्ही थाळ्या दोन हातांवर घेतल्या आणि जिना उतरली. मधल्या पायरीवर थांबली नाही. पहिल्यांदाच ती सगळ्या पायऱ्या उतरली आणि मावशीच्या उंबऱ्याच्या आत गेली. मी मागोमाग.

"कोंशीबाई, बघा," आई म्हणाली. "सोनं उगवलंय तुमच्या घरी."

मावशी थाळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आनंदाने गप्प झाली. मग तिने पुढे होऊन आईच्या हातांतल्या थाळ्या घेतल्या. "देवाचा हात हाय गं तुझा," ती म्हणाली. "लय दाट आला." ती आईच्या डोळ्यांदेखत गोठ्याशी गेली, थाळ्या मांडल्या, मेंढ्या त्यात उभ्या केल्या. बसकी मेंढी पुढे ठेवली. आई बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दुसऱ्या कुठल्या सणाला पाहिलं नाही. काका ओटीवरून आत आले. त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मग विडी न पेटवताच बाहेर जाऊन बसले.

नाताळच्या दिवशी पहिली थाळी आमच्याकडे आली. आईने त्या वर्षी एक फुगा खाल्ला.

जानेवारीत शेतात माणसं फिरायला लागली. खुंट्या ठोकल्या, साखळ्या ओढल्या. आईने काकांना सहज विचारलं, "हे काय चाललंय?" ओटीवर काका एकटेच होते. त्यांनी तितक्याच सहज सांगितलं, त्यात आईवर राग नव्हता, उलट एक सुटका होती. "इकला. देवाने सांगितला ना. गोठ्यात पिवला आला." आणि मग तो सगळा कौल.

आई जिन्यात बसली, ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. मग मावशीच्या दारात गेली. "तुम्ही मला सांगितलं का नाही हो? मी उन्हात ठेवलं असतं. एका शब्दाचं काम होतं."

"गप, रडू नको," मावशी म्हणाली. "तू कय केलंस? तुना सांगितला तसा तू केलंस."

"रागावलात ना?"

"नाय गं. आन जा, भात लाव चुलीवर, तुझा मालक येल."

पण आईने ते सोडलं नाही. ती विसरणाऱ्यांतली नव्हती. त्या सालापासून दर काही दिवसांनी, कधी शेवग्याच्या शेंगा घेताना, कधी उगाच, ती मावशीला विचारायची, "कोंशीबाई, खरं सांगा, माझ्यावर राग नाही ना?" आणि मावशी दर वेळी म्हणायची, नाय. पुढच्या नवरात्रात आईने घट खिडकीत मांडला, उन्हात. हिरवागार आला. आजी गावाहून आली होती, ती संतापली. देवीला असं कुणी मांडतं का? आईने ऐकून घेतलं आणि तिथून पुढे दरवर्षी घट उन्हातच ठेवला. आमच्या टोप्यांत आणि अंबाड्यांत हिरवं धान्य बघून नातेवाईक हसायचे. कारण तिने कुणाला सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट तिने बदलली. मावशीला ती हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन यायला लागली, थेट देवघरापर्यंत. "आधीच आणायला हवं होतं गं," ती मला म्हणायची. "एकदा तिने आपला घट पाहिला असता, तर तिने मला थाळ्या दिल्याच नसत्या. किंवा सांगून दिल्या असत्या. माझ्या सोवळ्याने तिचं शेत खाल्लं."

ते खरं होतं का? मी पुष्कळदा विचार केला आहे. शेत तसंही गेलंच असतं, असं वडील म्हणायचे. भाव चढत होते, भराव वाढत होता, कुठलं भात टिकणार होतं? असेल. पण जाणारी गोष्ट आपल्या हातून जाणं वेगळं. काही वर्षांनी वडिलांच्या कचेरीतल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली आणि जागा मिळाली ती नेमकी हीच. आई इथे यायला तयार नव्हती. अखेर आली, पण पहिल्या पावसात गॅलरीत उभी राहून खाली साचलेल्या पाण्याकडे बघत होती, तेव्हा मी तिला एकटीलाच सोडलं.

आई गेली तेव्हा मावशी खूप म्हातारी झाली होती. काका आधीच गेले होते. गावठाणाचा अर्धा भाग उठून तिथे बिल्डिंगा आल्या होत्या, मावशीचं घर मात्र होतं. तिला कुणीतरी रिक्षाने आणून सोडलं. तेच चौकटीचं लुगडं, कानाच्या पाळ्या ओघळलेल्या. तिने आईच्या फोटोपुढे हात जोडले नाहीत, नुसती बघत राहिली. मी चहा केला. तिने बशी हातात धरली. मग म्हणाली,

"पोरी, मना म्हाईत होता."

"काय, मावशी?"

"पिवला भात दोन दिस उन्हात ठेवला का हिरवा होतो. मी शेतकऱ्याची बायको, मना नाय म्हाईत? नाताल दोन दिसांवर होता. आंगनात ऊन पडलेला होता."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं.

"मग ठेवलं का नाही उन्हात?"

"तुझी आई उभी होती ना गं समोर." मावशी म्हणाली. "कदी माझ्या घरात पाय नाय टाकला तिने. त्या दिवशी पहिल्यांदा आली. साडी नेसून, फूल घालून. सोना आनलाय म्हनाली. मी तिच्यादेखत ते उचलून उन्हात मांडला असता तर तिना कय वाटला असता? तिचा सोना माज्या देवाला चालत नाय? ती वर गेल्यावर मांडला असता, तरी माडीवरून तिना दिसला असता. मना वाटला, पास्कू रंग नाय बघनार. माझा तोंड बघल. त्याने रंग बघला."

"मावशी, हे तुम्ही आईला का नाही सांगितलं? ती जन्मभर..."

"मना लाज वाटली. शेत तिने नाय घालवला, मी घालवला. ती इचारायची, राग हाय का? मी सांगायची, नाय. खरा सांगायची. राग नव्हता. पन तेवढाच सांगायची." चहावर साय धरली होती. तिने बशी खाली ठेवली आणि फोटोकडे बोट केलं. "दरवर्षी वाटायचा, या नातालला सांगीन. आता तीच गेली. आता मी कोनाला सांगू?"